लहान आतड्याचा मोठा भाग काढल्यावर जठरातलं आम्ल का वाढतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी अडकली आणि एका रात्रीत बहुतेक लहान आतडं काळं पडलं. शस्त्रक्रियेनंतर त्यातलं सुमारे ११० सेंटिमीटर उरलं. चार महिने पोटावर स्टोमाची (आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्याची) पिशवी होती, मग उरलेलं आतडं मोठ्या आतड्याला जोडलं. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या चार महिन्यांत मी डॉक्टरांना, सिस्टरांना आणि आहारतज्ज्ञांना जे विचारलं, तेच आता इतर रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

शस्त्रक्रिया आतड्याची झाली, जठराला कुणी हातही लावला नाही. मग तिथलं आम्ल का वाढलं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे.

आम्ल जठरात तयार होतं, पण ते किती व्हायचं हे एकटं जठर ठरवत नाही. अन्नाचा वास आला, घास पोटात गेला की मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून निरोप येतो. जठराच्या खालच्या भागातल्या पेशी गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. जवळच्याच दुसऱ्या पेशी हिस्टामिन सोडतात. हे तिघं मिळून आम्ल तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. ही झाली चालना.

थांबवण्याचं काम बरंचसं आतड्याकडे असतं. जठरातलं आंबट मिश्रण खाली उतरलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ‘पुरे आता’ असं वर कळवतात. सिक्रेटिन, कोलेसिस्टोकायनिन आणि आणखी काही संप्रेरकं हा निरोप नेतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून आणि मोठ्या आतड्यातून पेप्टाइड वायवाय आणि जीएलपी-१ येतात. ती आम्लही कमी करतात आणि जठर रिकामं होण्याचा वेगही.

आता चार-पाच मीटर आतडं निघून गेलं तर काय होईल? निरोप पाठवणाऱ्या पेशींपैकी बहुतेक गेल्या. चालना देणाऱ्या मात्र सगळ्या जागेवर आहेत. शिवाय रक्तातलं गॅस्ट्रिन मोडून टाकण्याचं काही कामही लहान आतड्यात होत असतं, तेही घटतं. गॅस्ट्रिन चढतं आणि जठर लगाम सुटल्यासारखं आम्ल ओतत राहतं.

आतडं रक्तातून निरोप धाडतं हे कळलं ते १९०२ साली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मज्जातंतू नाहीत म्हणजे निरोप रक्तातूनच गेला असणार. त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून त्याचा अर्क शिरेतून दिला आणि पुन्हा तेच घडलं. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंगनी त्यानंतर तीन वर्षांनी वापरला. माणसाला माहीत झालेलं हे पहिलं संप्रेरक आतड्यात सापडलं होतं! आतडं म्हणजे नुसती नळी, असं मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवत होते. आता नाही शिकवत.

‘पित्त वाढलं’ म्हणतात ते हेच का?

आपल्या बोलण्यात हेच, पण डॉक्टरांशी बोलताना हा शब्द जपून वापरा. आंबट ढेकर आले, घशाशी आलं, छातीत जळजळलं की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. डॉक्टर ‘पित्त’ म्हणतात तेव्हा ते बहुधा यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या पित्तरसाबद्दल बोलत असतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्या रुग्णांत पित्तरसाचाही एक वेगळा त्रास असतो. तो भाग पित्तक्षार शोषून परत यकृताकडे पाठवतो. ते जमलं नाही तर पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. त्याचं औषध निराळं.

माझी आई राउंडच्या वेळी ‘यांना पित्ताचा त्रास आहे’ एवढंच सांगायची आणि समोरचे निवासी डॉक्टर गोंधळायचे. तेव्हा ‘जळजळ होते’, ‘आंबट पाणी तोंडात येतं’, ‘हिरवी उलटी झाली’, ‘तेलकट शी होते’ असं जे दिसतं, जे जाणवतं तेच सांगा.

आतड्याच्या कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर आम्ल वाढतं का?

नाही. अपेंडिक्स काढल्याने नाही. हर्नियात अडकलेला वीतभर तुकडा काढल्यानेही सहसा नाही. मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्यांनाही ही काळजी फारशी नसते. क्षयरोगामुळे लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याचा भाग काढावा लागतो, अशा शस्त्रक्रिया आपल्याकडे बऱ्याच होतात. त्यात काढलेला भाग बहुधा छोटा असतो. तिथे आम्लापेक्षा बी-१२ आणि पित्तक्षारांकडे लक्ष ठेवावं लागतं.

प्रश्न येतो तो लहान आतड्याचा मोठा हिस्सा गेल्यावर. धमनीत गुठळी, आतड्याला पडलेला पीळ, क्रोन्स या आतड्याच्या दीर्घ दाहाच्या विकारासाठी पुन्हापुन्हा झालेल्या शस्त्रक्रिया, अपघातात फाटलेलं आतडं, ही त्याची नेहमीची कारणं. प्रौढ माणसात २०० सेंटिमीटरपेक्षा कमी लहान आतडं उरलं तर त्याला आखूड आतड्याचा विकार म्हणतात, आणि आम्लाची ही वाढ मुख्यतः त्यांच्यात दिसते.

वजन कमी करण्याच्या बायपास शस्त्रक्रियेत गोष्ट उलटी असते. जठराची जी छोटी पिशवी वापरात राहते तिच्यात आम्ल करणाऱ्या पेशी थोड्याच असतात. तरीही जठर जिथे आतड्याला जोडलेलं असतं तिथे व्रण होऊ शकतो, कारण आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते. स्वादुपिंडाच्या डोक्याबरोबर ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा अगदी सुरुवातीचा भाग, काढतात त्या शस्त्रक्रियेनंतरही जोडाजवळ व्रणाची भीती असते, म्हणून त्यांनाही आम्ल कमी करणारी गोळी बहुधा देतात.

किती आतडं काढलं हे माहीत आहे. तेवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी हट्ट धरायला सांगेन. माणसामाणसात लहान आतड्याची लांबी फार वेगवेगळी असते, साधारण तीन मीटरपासून आठ मीटरपर्यंत. चार मीटर काढलं म्हटल्यावर एखाद्याकडे काहीच उरत नाही आणि एखाद्याकडे चार मीटर शिल्लक असतं. महत्त्व आहे ते काय उरलं याला.

अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘लहान आतड्याचा मृत भाग काढला’ एवढंच होतं. किती उरलं ते शस्त्रक्रियेच्या टिपणात होतं आणि ते टिपण मिळवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. पुढे ज्या ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

म्हणून घरी जाण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घ्या. ग्रहणीपासून पुढे लहान आतडं किती सेंटिमीटर उरलं. शेवटचा भाग, ज्याला डॉक्टर इलियम म्हणतात, तो आहे की गेला. आणि मोठं आतडं शाबूत आहे का, जोडलेलं आहे का. विचारायला संकोच करू नका, ही माहिती तुमच्या माणसाची आहे.

जास्तीच्या आम्लाने नेमकं काय बिघडतं? जळजळच ना?

जळजळ हा त्यातला सर्वांत छोटा भाग.

पहिलं नुकसान पाण्याचं. निरोगी माणसाच्या जठरातही दिवसाला सुमारे दोन लिटर रस तयार होतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आपण खातो-पितो ते, सगळं मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो, आणि शौचातून बाहेर पडतो तो जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर. बाकीचा सगळा शोषला जातो. आता शोषणारं आतडं कमी, जठर मात्र नेहमीपेक्षा जास्त ओततं आहे. हा सगळा द्रव पिशवीत किंवा जुलाबांतून बाहेर येतो आणि बरोबर मीठ आणि मॅग्नेशियम घेऊन जातो.

दुसरं नुकसान पचनाचं, आणि ते लक्षात यायला वेळ लागतो. चरबी पचवणारं लायपेज हे विकर साधारण उदासीन वातावरणात काम करतं. स्वादुपिंडातला अल्कधर्मी रस एरवी आम्ल मारून टाकतो. पण आम्लच फार आलं तर तो कमी पडतो, आतड्याच्या सुरुवातीचा पीएच चारच्या खाली जातो आणि लायपेज कायमचं निकामी होतं. पित्तक्षारही आम्लात साकळतात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच आतडं थोडं, त्याचं तेवढ्या आतड्यात होऊ शकणारं पचनही बिघडतं. अण्णांच्या पिशवीत तेलाचा तवंग दिसायचा. आम्ही घरातलं तूप दोष देऊन बंद केलं. खरं कारण वर जठरात होतं.

तिसरं, व्रण. जठरात किंवा ग्रहणीत जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

जळजळ मुळीच नाही. तरी गोळी घ्यायची?

डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर हो. जळजळ नसताना वरची पहिली दोन नुकसानं चालूच राहू शकतात. इथे गोळीचा हेतू द्रवाचं प्रमाण कमी करणं आणि पचन सावरणं हा असतो. ‘मला काही ॲसिडिटी नाही’ म्हणून गोळी परस्पर बंद केलेले आणि आठवड्यात पिशवी दुप्पट भरू लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

कोणतं औषध आणि ते कसं घ्यायचं?

बहुधा ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल यांपैकी एक. आम्ल तयार करणाऱ्या पेशींत एक पंप असतो, तोच ही औषधं बंद पाडतात. पंप कामात असताना औषध रक्तात असलं पाहिजे, म्हणून ते रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायचं. चहा-बिस्किटानंतर घेतलं तर अर्धं वाया जातं. सुरुवातीला दिवसातून दोनदा देतात. फॅमोटिडिनसारखी जुनी औषधंही वापरतात, पण काही दिवसांनी शरीर त्यांना सरावतं.

दोन सूचना मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

एक, कॅप्सूल किंवा तिच्यातले बारीक दाणे पिशवीत जसेच्या तसे दिसले तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. औषध शोषलं जात नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. जेजुनम, म्हणजे ग्रहणीनंतरचा लहान आतड्याचा भाग, पन्नास सेंटिमीटरपेक्षाही कमी उरलं असेल तर पोटातून दिलेलं औषध पुरत नाही आणि काही काळ शिरेतून द्यावं लागतं. दाणे चावू किंवा कुटू मात्र नका. त्यांच्यावरचं आवरण त्यांना आम्लापासून वाचवण्यासाठीच असतं.

दुसरी गोष्ट औषधाच्या दुकानात घडते. ‘पॅन’ मागितलं की पुष्कळदा ‘पॅन-डी’ हातात येतं, आपल्याकडे ते घरोघरी असतं. त्यातला ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन, जठर लवकर रिकामं करणारं औषध. आखूड आतड्याच्या रुग्णाला अन्न खाली सावकाश उतरायला हवं असतं. तेव्हा पट्टीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहा.

अँटासिडचं पातळ औषध, खायचा सोडा, लिंबू-सोडा चालेल?

रोजच्या उपायासाठी नाही. पातळ अँटासिडमध्ये बहुधा मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांनी जुलाब वाढतात. शिवाय ती झालेलं आम्ल मारतात, होणारं थांबवत नाहीत. लिंबू-सोड्याच्या बाटलीत साखर भरपूर आणि मीठ नगण्य, ते या रुग्णांना तापदायकच.

‘भरपूर पाणी प्या’ असं सगळे सांगतात. बरोबर आहे ना?

ज्यांचं लहान आतडं आखूड आहे आणि पोटावर स्टोमा आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला चुकीचा आणि घातक आहे. हे मी जोर देऊन लिहिते आहे, कारण आम्ही हीच चूक केली. अण्णांना तहान लागायची, आम्ही माठातलं पाणी द्यायचो, पिशवी आणखी भरायची, तहान आणखी वाढायची. तिसऱ्या दिवशी पायांत गोळे आले आणि पुन्हा भरती करावं लागलं.

कारण असं. लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर फार सच्छिद्र असतं. आत साधं पाणी, चहा, सरबत असं कमी मिठाचं काही आलं की शरीरातलं मीठ अस्तरातून त्या पाण्यात उतरतं आणि बाहेर पडतं. म्हणजे प्यायल्याने शरीर आणखी सुकतं. उलट पाण्यात मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात असलं तर दोन्ही हातात हात घालून शोषली जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं, ते याच तत्त्वावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ नंतरच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. जास्त वाहणाऱ्या स्टोमासाठी ते ९० च्या पुढे लागतं. यासाठी वापरलं जाणारं एक मिश्रण असं: एक लिटर पाणी, २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा. वजनकाट्यावर मोजूनच करा, चमच्याने अंदाज चुकतो. थंड करून, दिवसभर घोट-घोट. साधं पाणी आणि इतर पेयं मिळून अर्धा ते एक लिटरच्या आत ठेवायला बहुधा सांगतात. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

ओआरएस म्हणून खोक्यातली गोड फळपेयं आणू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली.

तिखट, चहा, चिंता यांनी आम्ल वाढलं का? उपवास केला तर कमी होईल?

घरातले लोक रुग्णाला ‘चहा सोड’, ‘विचार करू नकोस’ असं सांगून सांगून बेजार करतात. ही वाढ संप्रेरकांचा तोल गेल्याने झाली आहे, त्याच्या खाण्याच्या सवयींनी नाही. कडक चहा-कॉफी आणि कोला कमी करावं हे खरं, पण दोष त्यांच्या माथी मारू नका.

उपवासाने उलट होईल. गॅस्ट्रिन चढलेलं असल्याने पोट रिकामं असतानाही आम्ल गळतच राहतं, आणि ते शोषून घ्यायला सोबत अन्न नसतं. अण्णा चाळीस वर्षं एकादशी करत होते. ती सुटली तेव्हा त्यांना शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वाईट वाटलं असावं. आमच्या गावातल्या एका वारकरी आजोबांनी ‘हरिपाठ म्हण, तो पोटाला लागत नाही’ असं सांगितलं, तेव्हा कुठे ते निवले.

खाणं थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. मऊ भात, इडली, भाकरीचा मऊ भाग, अंडं, मीठ घातलेलं दही. जेवताना पाणी नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. चरबी सोडायची की नाही हे मोठं आतडं जोडलेलं आहे का यावर ठरतं, म्हणून आहारतज्ज्ञांना ते आधी सांगा.

हे किती दिवस चालतं?

बहुतेकांत सहा महिने ते एक वर्ष. पहिले काही आठवडे सगळ्यांत जड. दरम्यान उरलेलं आतडं स्वतःला बदलत असतं. त्याच्या अस्तरावरचे अंकुर लांब होतात, नळी थोडी रुंदावते, शोषण वाढतं. हे बदल वर्ष-दोन वर्षं चालतात आणि ते होण्यासाठी तोंडाने खाणं सुरू असावं लागतं.

मग गोळी कधी थांबवायची?

इथे चूक दुसऱ्या बाजूने होते. वर्षभरासाठी दिलेली गोळी दहा वर्षं चालू राहते, कारण ती थांबवा असं कुणी म्हणत नाही. फार काळ घेतल्याने मॅग्नेशियम आणि बी-१२ घटू शकतं, आतड्यात नको त्या जिवाणूंची वाढ होऊ शकते, आणि हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढलेला आढळतो. आखूड आतड्यात या सगळ्याची भीती मुळातच असते. लहान आतड्याचा शेवटचा साठ सेंटिमीटरहून जास्त भाग गेला असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं तशीही बहुधा कायम लागतात.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने ‘ही गोळी अजून हवी का?’ असं स्वतःहून विचारा. एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यावर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि जुनाच त्रास परतला असं वाटतं. काहींना, विशेषतः ज्यांचा स्टोमा कायमचा आहे आणि खूप वाहतो, त्यांना ती पुढेही लागते.

रक्तातलं गॅस्ट्रिन तपासावं का?

सहसा गरज नसते. या गोळ्यांनीच गॅस्ट्रिन वाढतं, त्यामुळे गोळी चालू असताना आलेला आकडा फसवतो. पिशवीतून दिवसाला किती मिलिलिटर पडलं, लघवी किती झाली, वजन किती, ही वहीतली नोंद डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची. आम्ही शाळेच्या जुन्या शंभरपानी वहीत रकाने आखले होते. लघवी दिवसाला आठशे मिलिलिटरच्या खाली गेली की आम्ही फोन करायचो.

लहान बाळांतही असं होतं का?

होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सडणं, जन्मतः आतडं पोटाबाहेर असणं किंवा त्याला पीळ पडणं यांमुळे बाळाचं आतडं काढावं लागतं, आणि त्यानंतर आम्ल वाढू शकतं. पण बाळाच्या आतड्याला वाढायला अजून वाव असतो. औषधाचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांच्या अनुभवावरून काहीही देऊ नका.

दात, गुडघा किंवा कंबर दुखली तर?

त्या डॉक्टरांना आधी आतड्याची शस्त्रक्रिया सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठराचं संरक्षण कमी होतं, आणि आम्ल वाढलेल्या माणसाला त्यांनी व्रण लवकर होतो. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन आहे. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

डांबरासारखी काळी, चिकट शी झाली किंवा पिशवीत तसं दिसलं तर. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते, आणि शंका असली तरी दाखवून यावं. कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी झाली, पोटात एकाएकी असह्य दुखू लागलं, पिशवी दिवसाला दोन लिटरच्या वर वाहू लागली, हातपायांत गोळे आले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवी सहा-आठ तास झालीच नाही, तर सकाळची वाट पाहू नका. निघताना शस्त्रक्रियेचं टिपण, चालू औषधांच्या पट्ट्या आणि ती वही सोबत घ्या. आमच्या घरी या तिन्ही गोष्टी एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराच्या खुंटीला आजही टांगलेल्या असतात.